जेट्सचा नुसता क्वार्टरबॅक बदलून भागणार नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्सने सलग सात पराभवांनंतर २६ ऑक्टोबर २०२५ला सिनसिनाटी बेंगल्सवर ३९-३८ असा एका गुणाने विजय मिळवला. आठ सामन्यांत एक विजय झाला. आता एक रविवार विश्रांतीचा आहे, ४ नोव्हेंबरला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते आणि ९ तारखेला क्लीव्हलँड ब्राउन्सशी गाठ आहे. या मधल्या दिवसांत चाहत्यांत एकच वाद रंगला आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून जस्टिन फील्ड्सलाच खेळवत राहायचे, ३६ वर्षांच्या टायरॉड टेलरला पुढे करायचे, की पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणी नवा पोरगा मिळेपर्यंत दिवस ढकलायचे? संघाचे मालक वुडी जॉन्सन यांनी तर क्वार्टरबॅकच्या आकड्यांकडे जाहीरपणे बोट दाखवले. हा वाद चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, असे माझे मत आहे. जेट्स वर्षानुवर्षे क्वार्टरबॅक आधी आणतात. त्याच्यापुढे उभी राहणारी फळी, त्याला शिकवणारा माणूस आणि त्याला झेपेल असा खेळ यांचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा केल्याशिवाय जर्सीवर कोणाचेही नाव आले तरी आक्रमण असेच अडखळणार.

संघ नावाने न्यूयॉर्कचा असला, तरी घरचे सामने न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला मेटलाइफ स्टेडियमवर खेळतो. एडिसन ते जर्सी सिटी या पट्ट्यात मराठी कुटुंबे भरपूर आहेत आणि त्यांच्या मुलांचा शरद ऋतूतला रविवार याच खेळात जातो. शिवाय याच खेळाचा धक्काबुक्की नसलेला प्रकार, म्हणजे फ्लॅग फुटबॉल, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटच्या जोडीने येतो आहे. तेव्हा आपल्या क्रीडा पानावर नुसत्या निकालापलीकडे या खेळाविषयी काही यावे, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

नव्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू हातात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. जमले तर नवे चार प्रयत्न मिळतात, न जमले तर चेंडू जातो. आक्रमणाच्या मध्यभागी पाच धिप्पाड खेळाडूंची ओळ असते. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. या पाच जणांच्या वाट्याला चेंडू सहसा येत नाही, त्यांची नावे कोणी जर्सीवर घालून फिरत नाही, पण क्वार्टरबॅकला वेळ देणारे हेच. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले, की त्याला सॅक म्हणतात.

एका चालीत काय काय घडावे लागते ते पाहिले, की घोटाळा कुठे होतो ते कळते. दोन चालींमध्ये साधारण चाळीस सेकंद असतात. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून चाल सांगतो आणि घड्याळावर पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचे सगळे क्वार्टरबॅकच्या डोक्यावर. त्याने सहकाऱ्यांना चाल सांगायची, ओळीवर उभे राहून समोरचा बचाव वाचायचा, बचावाच्या पुढच्या फळीमागचा मधला लाइनबॅकर कोणता धरायचा ते सेंटरबरोबर ठरवायचे, कारण त्यावरून पाच जणांपैकी कोणी कोणाला अडवायचे हे ठरते. समोरून सहा जण धावून येणार असतील आणि अडवायला पाचच असतील, तर सहावा कोणाच्या वाट्याला जाणार हेही आधीच ठरायला हवे. एक तर चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकने त्याला अडवायचे, नाही तर चेंडू इतक्या लवकर फेकायचा की सहावा पोहोचायच्या आत तो हातातून गेलेला असेल. मग स्नॅप होतो, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो. क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावले मागे जातो, पहिला पर्याय बघतो, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा, आणि तेही बंद असतील तर जवळच्या रनिंग बॅकला चेंडू देऊन मोकळा होतो. या सगळ्याला अडीच ते तीन सेकंद मिळतात. तिसऱ्या पावलाला पहिला पर्याय, पाचव्या पावलाला दुसरा, असा पावलांचा आणि नजरेचा मेळ बसलेला असतो. तो मेळ एकदा चुकला, की पास झेलणारा रिसीव्हर मोकळा होऊनही उपयोग नसतो. क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहतो तोवर फट बुजलेली असते.

सॅकचे नुकसान नुसत्या यार्डांत मोजता येत नाही. पहिल्या प्रयत्नात चार यार्ड मिळाले तर दुसऱ्याला सहा उरतात. मग धावता येते किंवा पास टाकता येतो, आणि समोरच्याला दोन्हींची तयारी ठेवावी लागते. पहिल्याच प्रयत्नात सात यार्डांची सॅक झाली, की दुसऱ्याला सतरा यार्ड हवे असतात. आता पासच येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत असते. धाव दाखवून पास टाकण्याच्या हुलीला कोणी फसत नाही, बचावाचे टोकाचे खेळाडू बेधडक थेट क्वार्टरबॅककडे धावतात आणि टॅकलला उलट्या पावलांनी मागे सरकत त्यांना थोपवावे लागते. म्हणून एका सॅकच्या पाठोपाठ दुसरी येते.

१२ ऑक्टोबरला लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियमवर डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध नेमके हेच झाले. फील्ड्सने १७ पैकी ९ पास पूर्ण केले आणि ४५ यार्ड मिळवले. ९ वेळा तो सॅक झाला, त्यात ५५ यार्ड गेले. म्हणजे पूर्ण सामन्यात पासिंगची निव्वळ कमाई उणे १० यार्ड. जेट्सच्या बचावाने डेन्व्हरला १३ गुणांवर रोखले होते. एवढ्यावर रोखल्यावर जिंकायला एक टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणे, सहा गुण) पुरे होते, तेही झाले नाही. तीन फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेले, प्रत्येकी तीन गुण) आणि बचावानेच मिळवून दिलेली दोन गुणांची सेफ्टी, असे ११ गुण झाले आणि सामना १३-११ असा गेला. मध्यंतरापूर्वी चेंडू हातात असताना शेवटचा एक लांब पासही न टाकता घड्याळ संपू दिले. अखेरच्या चौथ्या प्रयत्नावर पुन्हा सॅक. पुढच्या रविवारी कॅरोलायना पँथर्सविरुद्ध फील्ड्सला मध्यंतरालाच बसवले, टेलर आला, त्याने दोन इंटरसेप्शन दिली, म्हणजे दोन पास विरोधकांच्या हाती गेले, आणि १३-६ असा सातवा पराभव झाला.

आता फील्ड्सचा दोष. तो आहे आणि तो झाकून उपयोग नाही. तो चेंडू फार वेळ हातात धरतो. लंडनपर्यंत त्याने या मोसमात एकही इंटरसेप्शन दिले नव्हते, याचे काही जण कौतुक करतात. पण ते आणि नऊ सॅक यांचे मूळ एकच आहे. रिसीव्हर पूर्ण मोकळा दिसल्याशिवाय तो फेकत नाही, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पूर्ण मोकळा रिसीव्हर क्वचितच दिसतो. फेकताना रिसीव्हर जिथे आहे तिथे न बघता तो जिथे पोहोचणार आहे तिथे चेंडू टाकावा लागतो. ही सवय पहिल्या एकदोन वर्षांत लागली तर लागते. त्याच्या पहिल्या वर्षी काय झाले? २६ सप्टेंबर २०२१, संघ शिकागो बेअर्स, मैदान क्लीव्हलँडचे. सुरुवातीपासून खेळण्याचा त्याचा पहिलाच सामना. ९ सॅक. २० पैकी ६ पास, ६८ यार्ड, आणि सॅकचे यार्ड वजा केल्यावर निव्वळ एक यार्ड. त्यांतल्या साडेचार सॅक (दोघांनी मिळून पाडले तर अर्धी-अर्धी) क्लीव्हलँडच्या एकट्या माइल्स गॅरेटच्या नावावर लागल्या. हिरव्यागार खेळपट्टीवर नवख्या सलामीवीराला हेल्मेटविना पाठवण्यासारखाच तो प्रकार होता. जेट्सने या खेळाडूला मार्च महिन्यात दोन वर्षांसाठी ४ कोटी डॉलरचा करार दिला, त्यातले ३ कोटी खात्रीचे. पैसे देताना त्याची ही सवय सगळ्या लीगला माहीत होती. माहीत असूनही त्याच्याकडून पाच पावलांच्या, लांब पल्ल्याच्या चाली करवून घेतल्या, ही चूक त्याच्या एकट्याची कशी?

फील्ड्सच्या आधीची नावे घेतली की हा क्रम आणखी स्पष्ट दिसतो. २०१८च्या ड्राफ्टमध्ये जेट्सकडे सहाव्या क्रमांकाची निवड होती. क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्डसाठी त्यांनी ती इंडियानापोलिस कोल्ट्सला दिली, वर दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि तिसरा क्रमांक घेतला. कोल्ट्सने त्या सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा गार्ड घेतला आणि जेट्सकडून मिळालेल्याच ३७व्या क्रमांकावर ब्रेडन स्मिथ हा टॅकल. त्या मोसमात कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक पूर्ण वर्षात १८ वेळा सॅक झाला, लीगमधला सर्वांत कमी आकडा, आणि संघ बाद फेरीत पोहोचला. एकाच सौद्यात जेट्सला क्वार्टरबॅक मिळाला आणि कोल्ट्सला क्वार्टरबॅक जपणारी माणसे मिळाली.

डार्नॉल्ड तेव्हा २१ वर्षांचा होता. त्याला पहिल्याच सामन्यापासून उतरवले. वर्षभरात मुख्य प्रशिक्षक टॉड बोल्स गेले, ॲडम गेस आले, चालींची भाषा बदलली. ऑक्टोबर २०१९मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-०ने हरताना त्याने चार इंटरसेप्शन दिली आणि आपल्याला भुते दिसताहेत, हे त्याचे वाक्य टीव्हीच्या मायक्रोफोनने टिपले. लोक हसले. खरे तर सततच्या दबावाखाली खेळणाऱ्या क्वार्टरबॅकची नजर नेमकी कशी बिघडते याचे ते अचूक वर्णन होते. तो दूरच्या रिसीव्हरकडे बघायचे सोडून जवळ येणाऱ्या माणसांकडे बघायला लागतो आणि मग कोणी येत नसतानाही त्याला येताना दिसते. तीन मोसम, ३८ सामने, १३ विजय, आणि २०२१मध्ये त्याला कॅरोलायनाला देऊन टाकले. २०२४मध्ये हाच डार्नॉल्ड मिनेसोटा व्हायकिंग्सकडून १७ पैकी १४ सामने जिंकला. ४,३१९ यार्ड, ३५ टचडाउन. त्यातला एक विजय लंडनमध्येच होता, जेट्सविरुद्ध, आणि दोन दिवसांनी जेट्सचे प्रशिक्षक रॉबर्ट साला यांना घरी पाठवण्यात आले. त्याच्याही आधीचा जीनो स्मिथ जेट्सने २०१३मध्ये निवडून सोडून दिलेला. २०२२मध्ये त्याने सिएटलकडून जवळजवळ ७० टक्के पास पूर्ण केले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त. दोघांनाही दुसऱ्या गावी जाऊन, काही काळ बाकावर बसून, शांतपणे शिकायला मिळाले.

डार्नॉल्डच्या जागी २०२१मध्ये झॅक विल्सन आला, दुसऱ्या क्रमांकाची निवड. त्याच्या मागे राखीव म्हणून कोण? माइक व्हाइट, ज्याने तोवर एनएफएलच्या अधिकृत सामन्यात एकही पास टाकला नव्हता. म्हणजे २२ वर्षांच्या मुलाशेजारी बैठकीत बसून चित्रफीत बघणारा, अशा वेळी तू डावीकडे का पाहिलेस, असे विचारणारा कसलेला खेळाडूच संघात नव्हता. त्याच्या तयारीत मोठा वाटा असायचा ते प्रशिक्षक ग्रेग नॅप त्याच जुलैमध्ये अपघाती गेले. पहिला सामना कॅरोलायनाशी. ६ सॅक, आणि डावा टॅकल मकाय बेक्टन गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर. विल्सन पुढे स्वतःहूनही पुष्कळ चुकला. पण त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो जखमी असताना तोच माइक व्हाइट सिनसिनाटीविरुद्ध उतरला आणि ४०५ यार्ड टाकून ३४-३१ असा जिंकून गेला. ओळ तीच, चालींचे पुस्तक तेच. फरक एवढाच, की व्हाइटने चेंडू झटपट सोडला. ४५ पैकी ३७ पास पूर्ण, त्यांतले बरेचसे रनिंग बॅककडे, चारपाच यार्डांचे. कमकुवत ओळीमागे कसे खेळायचे याचा धडा त्या दिवशी घरच्याच मैदानावर मिळाला होता. तो कोणी गिरवला नाही.

क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या वेळी तर ड्राफ्टमधले दोन क्रमांक महागात पडले. एप्रिल २०२३मध्ये त्याला आणताना इतर निवडींबरोबर जेट्सने ग्रीन बेला आपला १३वा क्रमांक देऊन १५वा घेतला. मधल्या १४व्या क्रमांकावर पिट्सबर्गने पुढे सरकून टॅकल ब्रॉडरिक जोन्सला उचलले. जेट्सने मग बचावातला खेळाडू घेतला आणि रॉजर्सच्या डाव्या बाजूला ३८ वर्षांचा ड्वेन ब्राउन उभा राहिला. ११ सप्टेंबर २०२३, पहिला सामना, रॉजर्सचा चौथाच स्नॅप. त्या चालीत ब्राउनने समोरच्या लिओनार्ड फ्लॉइडला पायात झेपावून थोपवायचा प्रयत्न केला. या पद्धतीचा अवरोध झटकन सोडायच्या पासासाठी असतो. चेंडू लगेच न सुटल्यास समोरचा उठून पुढे येतो, आणि तसेच झाले. रॉजर्सच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि मोसम संपला. २०२४ला तो परतला, ५ विजय आणि १२ पराभव. यंदा त्याला सोडले त्याचा हिशेब ४ कोटी ९० लाख डॉलरचा आहे. त्यातले १ कोटी ४० लाख यंदाच्या पगारमर्यादेत आणि ३ कोटी ५० लाख पुढच्या वर्षीच्या मर्यादेत मोजले जातील. यंदा प्रत्येक संघाची मर्यादा जेमतेम २८ कोटी आहे. संघात नसलेल्या माणसापायी पुढच्या वर्षीचा एवढा हिस्सा अडकतो, तेव्हा गार्ड आणि सेंटर यांच्यासाठी पैसा कुठून येणार?

२०१२पासून आक्रमणाचे समन्वयक, म्हणजे चाली आखणारे प्रशिक्षक, किती झाले ते मोजा. स्पारानो, मॉर्निनवेग, गेली, मॉर्टन, बेट्स, लॉगन्स, लाफ्लूर, हॅकेट आणि आताचे टॅनर एंगस्ट्रँड. चौदा मोसमांत नऊ. त्यात २०२४च्या मधेच चाली पुकारण्याचे काम हॅकेट यांच्याकडून काढून टॉड डाउनिंग यांना दिले होते. समन्वयक बदलला की नुसता माणूस बदलत नाही. एका पद्धतीत रिसीव्हरची धाव आकड्यांनी सांगतात, नऊ म्हणजे सरळ लांब, आठ म्हणजे गोलखांबाकडे तिरपी. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक धावेला आणि जोडीला शब्द असतो. अवरोधाची नावे बदलतात, मधला लाइनबॅकर कोणी ओळखायचा, सेंटरने की क्वार्टरबॅकने, हे बदलते, पावलांचा मेळ बदलतो. चार वर्षांत अशी तीन पुस्तके पाठ करणारा मुलगा स्नॅपच्या क्षणी भाषांतर करत बसतो, आणि त्याच्याकडे सेकंद तर तीनच असतात.

जेट्स शेवटचे बाद फेरीत होते २०१०च्या मोसमात. त्याआधीच्या वर्षी आणि त्या वर्षी, सलग दोनदा, ते सुपर बोल या अंतिम सामन्यापासून एका विजयावर होते. क्वार्टरबॅक मार्क सांचेझ. २००९मध्ये नवखा असताना त्याने १२ टचडाउन केले आणि २० इंटरसेप्शन दिली. हे आकडे यंदाच्या फील्ड्सपेक्षा काही भूषणावह नाहीत. तरी संघ जिंकत होता, कारण ओळ २००६पासून बांधलेली होती. त्या एकाच ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर डावा टॅकल डब्रिकशॉ फर्ग्युसन आणि २९व्या क्रमांकावर सेंटर निक मँगोल्ड घेतले होते. फर्ग्युसनने दहा मोसमांत फक्त एक स्नॅप चुकवला. २००९मध्ये जेट्स २,७५६ यार्ड धावले, लीगमध्ये सर्वांत जास्त. नवख्या सांचेझला सतरा यार्डांचा प्रयत्न क्वचित खेळावा लागे, आणि समोरचा बचाव वाचण्याचे निम्मे ओझे मँगोल्ड उचलत असे. या मँगोल्डचे गेल्या शनिवारी, २५ ऑक्टोबरला, अवघ्या ४१व्या वर्षी निधन झाले. त्याच्यावर लिहिताना सगळ्यांनी त्याच्या ताकदीचे वर्णन केले. स्नॅपपूर्वी तो हाताने खुणा करून चौघांना जागा नेमून द्यायचा ते काम ताकदीइतकेच मोलाचे होते, आणि त्याच्यानंतर त्या जागी इतका काळ टिकलेला दुसरा कोणी झाला नाही.

यावर कोणी म्हणेल, जेडन डॅनियल्स २०२४मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्या सामन्यापासून खेळला आणि १२ सामने जिंकला, मग नवख्याला खेळवण्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण वॉशिंग्टनने त्या वर्षी मार्चमध्ये आधी सेंटर टायलर बियाडाझ आणि गार्ड निक ॲलेग्रेटी यांना करारबद्ध केले, मार्कस मारिओटासारखा अनुभवी राखीव घेतला, आणि मग एप्रिलमध्ये डॅनियल्सला निवडले. शिवाय समन्वयक क्लिफ किंग्सबरी यांनी त्याला कॉलेजात सवयीचा असलेला, मोकळ्या मांडणीचा आणि वेगाचा खेळ दिला. दुसरी वाट कॅन्सस सिटीची. पॅट्रिक महोम्स २०१७मध्ये ॲलेक्स स्मिथमागे वर्षभर बसला आणि शेवटचा एकच सामना खेळला. तिसरी ग्रीन बेची, जिथे रॉजर्स तीन वर्षे बसला आणि पुढे जॉर्डन लव्हही तीन वर्षे. या तिन्ही वाटा चालतात. नवखा क्वार्टरबॅक, नवा समन्वयक, अर्धवट ओळ आणि राखीव कोणी नाही, ही चौथी वाट मात्र जेट्सने पुन्हा पुन्हा धरली आहे.

परवाच्या विजयातही हेच दिसले. टेलरचा गुडघा दुखावल्याने फील्ड्सलाच उतरवावे लागले. पण त्या दिवशी खेळ धावांवर उभा होता. रनिंग बॅक ब्रीस हॉल आणि बाकीचे मिळून अडीचशे यार्डांच्या घरात धावले. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नांना उरलेले अंतर लहान राहिले, हूल देऊन टाकायचे पास खरे वाटू लागले आणि फील्ड्सने २४४ यार्ड टाकले. निर्णायक टचडाउन हॉलने स्वतः पास टाकून मेसन टेलरकडून करवून घेतले. सिनसिनाटीचा बचाव यंदा फार लेचापेचा आहे हे मान्य, तरी मांडणी बरोबर होती. समोरच्या बाजूला ४० वर्षांचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको होता, जेट्सचाच जुना राखीव. बेंगल्सने ७ ऑक्टोबरला त्याला आणले आणि १६ तारखेला तो पिट्सबर्गविरुद्ध ३४२ यार्ड टाकून जिंकला होता. बेंगल्सची ओळ भक्कम नाही, त्याचे पाय तर चालतच नाहीत. पण तो चेंडू धरून बसत नाही.

म्हणून ४ नोव्हेंबरपर्यंत क्वार्टरबॅकसाठी एकही निवड खर्चू नये, हे पहिले. दुसरे त्याहून महत्त्वाचे. टॅकलच्या दोन जागा जेट्सने गेल्या दोन ड्राफ्टमध्ये चांगल्या भरल्या आहेत. २०२४मध्ये ओलू फशानू, यंदा सातव्या क्रमांकावर आर्मंड मेंबू. कौतुक करावे असे गेल्या कित्येक वर्षांतले हेच काम. पण मधल्या तीन जागांचे काय? अलिजा व्हेरा-टकर मोसमाआधीच दंडाच्या दुखापतीने बाहेर गेला, त्यामुळे सेंटर जो टिपमनला उजव्या गार्डवर सरकवले आणि सेंटरवर जॉश मायर्स आला. एक दुखापत झाली आणि दोन जागा हलल्या. व्हेरा-टकर, मायर्स आणि डावा गार्ड जॉन सिम्पसन या तिघांचेही करार या मोसमाअखेर संपतात. येत्या मार्चमध्ये या तीन जागा आधी पक्क्या कराव्यात, टिपमनला एकाच जागी कायम ठेवावे, पस्तिशीचा का होईना पण शिकवू शकणारा राखीव क्वार्टरबॅक ठेवावा, आणि एप्रिलमध्ये वरच्या क्रमांकावर नवा मुलगा आलाच तर त्याला सप्टेंबरमध्ये उतरवायचे की नाही हे तेव्हा ठरवावे. एंगस्ट्रँड यांना दुसरे वर्ष मिळायला हवे. दहावा समन्वयक आणून नवी भाषा सुरू करण्यात अर्थ नाही.

राहिला ९ तारखेचा सामना. गॅरेटने परवाच न्यू इंग्लंडविरुद्ध एका सामन्यात पाच सॅक केल्या आहेत आणि समोर पुन्हा फील्ड्सच असण्याची शक्यता आहे. गॅरेट दोन्ही टोकांना उभा राहतो. तो ज्या बाजूला दिसेल त्या बाजूला टाइट एंडने (ओळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) आधी खांदा देऊन मग आपली धाव सुरू करावी, सेंटरने अवरोधाची दिशा तिकडे वळवावी आणि हॉलने मागे थांबून ती बाजू बघितल्यावरच बाहेर पडावे. पाच रिसीव्हर पसरून क्वार्टरबॅकला एकटा ठेवायची मांडणी त्या दिवशी वापरूच नये. पहिल्या प्रयत्नात तीन पावलांचे पास किंवा गॅरेटच्या विरुद्ध अंगाला फील्ड्सला पळवत नेणारे बूटलेग द्यावेत, कारण पळताना त्याच्यापुढे पर्याय दोनच उरतात आणि तो लवकर ठरवतो. गॅरेट वेगाने आत घुसायला लागला, की त्याच्याच पाठीमागून हॉलला स्क्रीन पास, म्हणजे अडवणाऱ्यांच्या आडून छोटा पास, द्यावा. आणि एवढे करूनही तिसऱ्या प्रयत्नाला बारा यार्ड उरले, तर लांब पास न शोधता छोटा पास देऊन पंट करावा, म्हणजे चेंडू लाथेने दूर धाडावा. बचाव चांगला आहे, त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून खेळू द्यावे.

आपला,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी
२९ ऑक्टोबर २०२५